न जोडलेल्या तारेची करामत

दूरदर्शनच्या काळात ज्यांनी गच्चीवर चढून अँटेना फिरवला आहे, त्यांना तो प्रकार चांगला आठवत असेल. खालून कोणीतरी "आलं, आलं... अरे गेलं!" असं ओरडायचं आणि वर आपण आडव्या दांडीवरच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांशी झटत असायचो. त्या नळ्यांपैकी फक्त एका, दुमडलेल्या लांबट नळीला टीव्हीकडे जाणारी चपटी वायर जोडलेली असायची. बाकीच्या नळ्या कशालाच जोडलेल्या नसायच्या. तरीही त्यातली एखादी कावळ्यानं बसून वाकवली की चित्रात मुंग्या वाढायच्या.

कशालाच न जोडलेली नळी काम करते म्हणजे नेमकं काय करते? हे एकदा कळलं की तांब्याची दहा-साडेदहा मीटर तार, चार बांबू आणि एका सुट्टीच्या दिवसात नाशिकच्या गच्चीवरून जपान किंवा दक्षिण आफ्रिका ऐकू येईल असा अँटेना उभा करता येतो. लेखाच्या शेवटी त्याची परीक्षाही घेऊ, तीही फुकटात.

आधी कायद्याचं. तारेचे दिशादर्शक अँटेना घरी बांधण्याची हौस सीबी म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओवाल्यांतही फोफावली. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झचा पट्टा सामान्य नागरिकांना मिळाला. पुढे ट्रकवाल्यांनी तो डोक्यावर घेतला आणि १९७७ मध्ये त्याच्या वाहिन्या २३ वरून ४० झाल्या. आपल्याकडे द्वारका चौकातून रात्रंदिवस ट्रक जातात, पण त्यांच्या केबिनमध्ये सीबी कधी रुजला नाही. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात परवान्यातून मोकळा झाला तो २००५ साली, आणि तोवर मोबाइल आलेला होता. शिवाय ही सवलत अटींसह आहे. प्रक्षेपित शक्ती ५ वॉटच्या आत हवी आणि अँटेना संचातच बसवलेला हवा. म्हणजे गच्चीवर तारेचा अँटेना बांधून त्याला सीबी संच जोडला आणि बोलायला सुरुवात केली, तर आपण सवलतीच्या बाहेर गेलो.

यावर सरळ उपाय आहे, आणि तो शेजारीच आहे. २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा दहा मीटर पट्टा. सीबीपासून जेमतेम एक मेगाहर्ट्झ वर. लहरींचं वागणं तेच, अँटेनाची मापं चार-पाच टक्क्यांनी लहान, इतकाच फरक. इथे बाहेरचा अँटेना, हवी ती दिशा, सगळं मोकळं आहे. फक्त परीक्षा द्यावी लागते. दूरसंचार विभागाची ही परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते आणि अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम एवढंच लागतं. जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्सही लागतो. संकेतनाव पहिल्या श्रेणीत 'व्हीयू३' नं आणि दुसऱ्या श्रेणीत 'व्हीयू२' नं सुरू होतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यामुळे नियमांची फेरमांडणी चालू आहे, म्हणून अर्ज करताना त्या दिवशीचा नियम वाचावा. बहुतेकांना वाटतं त्याहून ही परीक्षा सोपी आहे. बारावीच्या भौतिकशास्त्राला जो घाबरला नाही तो हिला घाबरणार नाही.

आता मूळ प्रश्न. सर्वांत साधा अँटेना म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीची सरळ तार, मध्ये कापलेली, आणि त्या कापलेल्या जागी केबल जोडलेली. याला डायपोल म्हणतात. २८.५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १०.५ मीटर येते, म्हणून डायपोल साधारण पाच मीटरचा. तो तारेच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, सारखाच ऐकतो आणि सारखाच बोलतो.

या डायपोलच्या मागे दीड मीटरभर अंतरावर दुसरी तार समांतर टांगा. ती कापायची नाही, जोडायची नाही. डायपोलमधून निघालेली लहर या तारेवर पोचली की तिच्यातही प्रवाह उठतो आणि तीही लहर सोडू लागते. इथे दोन गोष्टी जुळवायच्या असतात. एक, लहरीला डायपोलपासून मागच्या तारेपर्यंत पोचायला लागणारा वेळ. तो अंतरानं ठरतो. दुसरी, मागच्या तारेतला प्रवाह किती उशिरा प्रतिसाद देतो. तो तिच्या लांबीनं ठरतो. तार थोडी जास्त लांब ठेवली की तिच्यातला प्रवाह मागे रेंगाळतो. हे रेंगाळणं योग्य तेवढं जमलं, तर मागच्या बाजूला दोन्ही तारांच्या लहरी एकमेकींच्या विरुद्ध पडतात आणि पुष्कळशा पुसल्या जातात. पुढच्या बाजूला त्या जवळजवळ एकाच तालात येतात आणि बेरीज होते. मागची लांब तार ही परावर्तक. तार आखूड करून पुढे ठेवली तर ती उलट काम करते आणि लहर आपल्याकडे ओढून पुढे पाठवते. टीव्हीच्या अँटेनात मागे एक लांब नळी आणि पुढे आखूड नळ्यांची रांग असायची, ती यासाठीच.

ही कल्पना १९२६ साली जपानमध्ये, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी मांडली. कष्ट बरेचसे उदांचे, पण इंग्रजीतून प्रसिद्धी यागींच्या नावानं झाली, म्हणून जग 'यागी' म्हणतं. खुद्द जपाननं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर हाती आलेल्या ब्रिटिश रडारच्या कागदांत आपल्याच प्राध्यापकाचं नाव पाहून जपानी अधिकारी चक्रावले, असं सांगतात.

परावर्तक अखंड पत्र्याचा असावा लागत नाही, हे पाहायला फार लांब जायला नको. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस अँटेनांपैकी प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर आहे, आणि ती प्रचंड ताटं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारेच्या जाळीची आहेत. आरपार आकाश दिसतं, वारा आरपार जातो. पण जाळीचं भोक लहरीच्या लांबीपुढे अगदी लहान असल्यानं रेडिओलहरीला ती जाळी भिंतीसारखीच वाटते. आपली लहर तर साडेदहा मीटरची. तिला एक तार पुरते.

दोन तारांच्या अँटेनाचेही अनेक प्रकार आहेत. गच्चीसाठी मी मॉक्सन आयत सुचवीन. लेस मॉक्सन या ब्रिटिश हॅमच्या नावानं तो ओळखला जातो आणि त्याची मापं काढायची सूत्रं अमेरिकेतल्या एल. बी. सेबिक यांनी घालून दिली. साध्या दोन तारांच्या यागीला पाच मीटर रुंद जागा लागते. मॉक्सनमध्ये दोन्ही तारांची टोकं काटकोनात एकमेकींकडे वळवतात, त्यामुळे रुंदी चार मीटरच्या आत येते. वळवलेली टोकं समोरासमोर येतात आणि त्यांच्यात विताहून कमी फट राहते. ही फट सगळ्यात महत्त्वाची. तिच्यातून दोन तारांमध्ये जी जास्तीची देवाणघेवाण होते तिच्यामुळे मागच्या तारेतला प्रवाह पुढच्या तारेच्या जवळपास बरोबरीचा होतो. पुसायला निघालेली लहर आणि पुसणारी लहर सारख्याच ताकदीच्या असल्या, तरच मागची बाजू स्वच्छ पुसली जाते. शिवाय जोडणीच्या जागी ५० ओहम मिळतात, म्हणजे मधे कोणतंही रोहित्र न लावता सरळ केबल जोडता येते.

हिशोब असा. डायपोलपेक्षा पुढच्या दिशेला सुमारे चार डेसिबल वाढ, म्हणजे शक्ती अडीचपट केल्यासारखी. मागच्या बाजूला मात्र वीस डेसिबल किंवा त्याहून जास्त घट, म्हणजे शंभरावा हिस्सा. बहुतेक लोक पहिला आकडा पाहून अँटेना बांधतात. माझ्या मते खरी कमाई दुसऱ्या आकड्यात आहे. बोलायला ५० वॉट पुष्कळ होतात. अडतं ते ऐकण्यात. एलईडी दिवे, सोलरचे इन्व्हर्टर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या उघड्या तारांवरच्या मळक्या चिमण्यांमधून, म्हणजे इन्सुलेटरमधून तडतडणारी ठिणगी, हे सगळं मिळून शहरावर सतत खरखर पसरलेली असते. दूरचा आवाज अशक्त नसतो, तो खरखरीखाली बुडालेला असतो.

इथे तुम्ही नाशिकच्या कोणत्या बाजूला राहता याला अर्थ येतो. गंगापूर रोडवरच्या माणसानं अँटेना युरोपकडे, वायव्येला केला की जुनं नाशिक, सिडको, नाशिक रोड हा सगळा गजबजाट त्याच्या पाठीशी येतो आणि दबतो. नाशिक रोड-देवळालीकडच्या माणसाला नेमकं उलटं. त्याला युरोप ऐकायचा तर सगळ्या शहराच्या डोक्यावरून ऐकावा लागतो. तो आग्नेयेकडे, ऑस्ट्रेलियाकडे वळला की सुखी. मात्र आपल्याच इमारतीतल्या लिफ्टची किंवा जिन्यातल्या दिव्याची खरखर कोणताही अँटेना पूर्ण पुसत नाही. ती इतक्या जवळून येते की पुढे-मागे असा भेदच उरत नाही.

मापं घेऊ. २८.५ मेगाहर्ट्झ आणि २ मिलिमीटर जाडीची तार धरली तर आयताची लांब बाजू ३८२ सेंटिमीटर. पुढच्या तारेची टोकं दोन्हीकडे ५७ सेंटिमीटर मागे वळतात. मागच्या तारेची टोकं ७२ सेंटिमीटर पुढे वळतात. मध्ये फट ११ सेंटिमीटर. तिन्ही मिळून आयताची आखूड बाजू १४० सेंटिमीटर होते. पुढची तार बरोबर मध्यावर कापायची, तिथे केबल. अँटेनाची नजर मागच्या तारेकडून पुढच्या तारेकडे, असं लक्षात ठेवायचं.

तार कुठली घ्यावी? मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे १४ गेजची मुलामा दिलेली तांब्याची तार वजनावर मिळते. तिची जाडी बरोबर २ मिलिमीटर भरते आणि पूर्ण अँटेनाला ३०० ग्रॅमच्या आतच लागते. सातपूर-अंबडमध्ये असे कारागीर ढिगानं आहेत. घरातल्या वायरिंगची वायर वापरली तरी चालेल, पण तिच्या प्लास्टिकच्या वेष्टणामुळे लहर तारेवरून जरा सावकाश सरकते आणि मापं दोन ते चार टक्के आखूड करावी लागतात. द्राक्षबागेच्या मांडवाची जस्ती तार मात्र सोडून द्या. या वारंवारतेला प्रवाह तारेच्या पोटातून जातच नाही. तांब्यात तो वरच्या साधारण १२ मायक्रॉनच्या थरातूनच धावतो. जस्ताचा थर शाबूत आहे तोवर ती तार चालून जाईल, पण थर उडून लोखंड उघडं पडलं की नुकसान सुरू होतं, आणि बागेतून काढलेल्या तारेवर हा थर बहुतेक उडालेलाच असतो. तांब्याची तार आधी एका टोकाला खुंटीला बांधून जोर लावून ओढून घ्यावी. न ओढलेली मऊ तार पहिल्या महिन्यात आपोआप वाढते आणि मग मापं कुणाची चुकली यावर घरात वाद होतो.

सांगाड्याला बांबूच. वाळलेला कळक किंवा मेसकाठी बुरूडाकडून घ्यावी, बोटभर-अंगठाभर जाडीची, सव्वादोन मीटरच्या चार काठ्या. हिरवा बांबू नको. ओला असताना तो थोडी वीज खातो आणि वाळताना पीळ घेतो. वरून वार्निशचे दोन हात द्यावेत. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा मोह टाळा, कारण एप्रिलच्या उन्हात तो शेवयांसारखा लोंबतो. फायबरच्या गळाच्या काठ्या उत्तम, पण त्या कार्बन फायबरच्या नाहीत ना हे पाहून घ्या. कार्बन वीजवाहक असतो आणि आपल्या दोन तारांत नको असलेली तिसरी तार घुसवतो.

जोडायची रीत गवंड्याची. गच्चीवर खडूनं ३८२ बाय १४० चा आयत काढा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४०७ सेंटिमीटर आले तर कोपरे काटकोनात आहेत. मग चारही काठ्या मध्यापासून कोपऱ्यांकडे कर्णांवर ठेवा. गुणाकाराच्या चिन्हासारखी आकृती होईल, पण चपटी, कारण लांब बाजूशी काठ्यांचा कोन जेमतेम २० अंशांचा असतो. मध्ये फूटभर चौरस वॉटरप्रूफ प्लायवूड ठेवून काठ्या यू-क्लॅम्पनं आवळा. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर बांबू चिरतो. आणखी एक आखूड काठी मध्यापासून पुढच्या तारेच्या कापलेल्या जागेपर्यंत जाऊ द्या. केबल तिच्यावरून, तारेला काटकोनात ठेवून मधल्या खांबाकडे आणायची. तारेला समांतर नेली तर तिच्यातही प्रवाह उठतो.

फटीच्या जागी दोन्ही टोकं एकाच प्लास्टिकच्या पट्टीला बांधा. भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या पाटाची पट्टी कापून घेतली तर उत्तम. पट्टीला बरोबर ११ सेंटिमीटरवर दोन भोकं पाडा, तार भोकातून घालून पिळून टाका आणि उरलेलं टोक कापा. बाकी सगळीकडे सेंटिमीटरभराची चूक अँटेना पोटात घालतो, फटीत घालत नाही. फट वाढली की मागची बाजू पुन्हा ऐकू लागते. सुतळी किंवा नायलॉनच्या दोरीवर ती फट सोडू नये, दोरी उन्हापावसात ताणते आणि आटते.

केबल जोडताना मुलामा खरवडून तांबं चकचकीत करा आणि मग सोल्डर करा. मधला गाभा एका अर्ध्या तारेला, जाळी दुसऱ्या अर्ध्या तारेला. जोडाच्या लगेच खाली केबलचे सहा-सात फेरे ११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपच्या तुकड्यावर शेजारीशेजारी गुंडाळा आणि टायनं बांधा. हा चोक. याच्यामुळे प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून घरात उतरत नाही. हा नसेल तर केबल स्वतःच अँटेना बनते आणि ज्या मागच्या बाजूसाठी एवढा खटाटोप केला ती पुन्हा उघडी पडते. घरगुती मॉक्सन 'चालत नाही' अशी तक्रार ऐकली की मी आधी चोक आहे का ते विचारतो.

केबल आरजी-५८ घेतली तर वीस मीटरला दीड डेसिबलच्या आसपास जातं. म्हणजे अँटेनानं कमावलेल्या चार डेसिबलपैकी तिसरा हिस्सा वाटेतच खर्च. आरजी-२१३ नं तो निम्मा होतो, पण ती जाड आणि महाग. केबल टीव्हीची आरजी-६ सगळीकडे मिळते आणि तोटाही कमी. ती ७५ ओहमची असल्यानं एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, दीडच्या आसपास दिसेल, जे चालतं. फक्त तिची जाळी ॲल्युमिनियमची असते आणि तिला साधं सोल्डर चिकटत नाही. एफ कनेक्टर दाबूनच बसवावा लागतो.

मोजणीला नॅनोव्हीएनए हे तळहाताएवढं यंत्र आता स्वस्तात मिळतं. नसेल तर ओळखीच्या हॅमकडून एसडब्ल्यूआर मीटर आणा. अँटेना गच्चीवर कमरेएवढ्या उंचीवर धरून घेतलेलं माप खरं धरू नका. स्लॅबमधल्या सळया त्याला खाली ओढतात. किमान चार-पाच मीटर वर चढवूनच मोजा. २८.५ च्या आसपास एसडब्ल्यूआर सर्वांत कमी दिसायला हवा. समजा तो २७.९ ला दिसला, म्हणजे अँटेना थोडा मोठा झाला आहे. एकेक टोक कापत बसण्यापेक्षा सगळी मापं २७.९ भागिले २८.५ नं, म्हणजे ०.९७९ नं गुणा. ३८२ चे ३७४ होतील, फटही त्याच प्रमाणात. आयताचं प्रमाण राखणं हे एखाद्या बाजूच्या अचूकपणापेक्षा महत्त्वाचं आहे. हाच गुणाकार उलटा केला तर सीबीचाही अँटेना मिळतो. २७.२ मेगाहर्ट्झसाठी लांब बाजू चार मीटर, टोकं ६० आणि ७५, फट ११.५. अमेरिकेत नातेवाईक असतील तर त्यांना हे जरूर कळवा. तिथे सीबीला बाहेरचा दिशादर्शक अँटेना लावता येतो, आणि अडीचशे किलोमीटरपलीकडे बोलण्यावरची जुनी बंदीही २०१७ मध्ये उठली.

उंचीचा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याच्याबरोबर डोंगराचाही. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर सरळ लहरीत मिसळते, आणि त्या बेरजेमुळे अँटेना किती खालच्या कोनात पाहतो ते उंचीवरून ठरतं. पाच मीटरवर मुख्य झोत साधारण ३० अंशांवर असतो, साडेदहा मीटरवर १४ अंशांवर. कोन जितका खाली तितकी आयनावरणावरून घेतलेली झेप लांब. दुमजली घराच्या गच्चीवर पाच मीटरचा खांब लावला की बरंच काम होतं. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी आडवा येईल ही भीती निराधार आहे. अंजनेरी शहरापासून वीसेक किलोमीटर लांब आणि शहरापेक्षा सुमारे ७०० मीटर उंच, म्हणजे क्षितिजावर जेमतेम दोन अंश. लहर तिच्या डोक्यावरून सहज जाते. पांडवलेणीच्या अगदी पायथ्याशी घर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ती एक बाजू गमावली असं समजा.

दिशा ठरवताना भिंतीवरचा सपाट नकाशा फसवतो, पृथ्वीचा गोल हातात घ्यावा. नाशिकपासून सर्वांत जवळच्या वाटेनं लंडन ३१८ अंशांवर, टोकियो ६० वर, सिडनी १२६ वर, जोहान्सबर्ग २२६ वर. म्हणजे वायव्य, ईशान्य, आग्नेय आणि नैऋत्य, चारही उपदिशा जवळपास नेमक्या वाटल्या गेल्या आहेत. न्यूयॉर्क पश्चिमेला असेल असं वाटतं, पण ते ३३४ अंशांवर आहे, उत्तरेकडे झुकलेलं, आणि युरोपच्या झोतातच येऊन जातं. मॉक्सनचा झोत जवळजवळ ८० अंश रुंद असल्यानं खांब चार ठिकाणी थांबला की पुरे. मोटर लावायची गरज नाही. खांबाच्या बुडाशी आडवी सळई वेल्ड करून हातानं फिरवता येतो. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल, आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही.

कधी ऐकावं? साधारण सकाळी पूर्वेकडचे देश, दुपारनंतर आणि संध्याकाळी युरोप-आफ्रिका, अंधार पडताना नशीब असेल तर अमेरिका. सूर्य जसा सरकतो तसा आयनावरणाचा भारलेला भाग सरकतो. दहा मीटर पट्टा सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्रावर जगतो. सध्याच्या चक्राचा कळस २०२४ च्या सुमारास होऊन गेला, तेव्हा फार वर्षं थांबू नये. उन्हाळ्यात आयनावरणाच्या ई थरात अवचित ढग जमतात आणि दीड-दोन हजार किलोमीटरवरचे आवाज अचानक खणखणीत येतात. पुण्याचा माणूस मात्र ऐकू येईलच असं नाही. तो झेपेच्या आत पडतो.

उभारताना एकच गोष्ट जिवावरची. घराशेजारून महावितरणची ११ केव्हीची तार जात असेल, तर खांब आडवा पडला तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही इतकं अंतर ठेवा. हे जमत नसेल तर त्या गच्चीवर अँटेना नको. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात विजा कडकडू लागल्या की केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाका. संक्रांतीला अँटेना दोन दिवस उतरवून ठेवलेला बरा. येवल्याइतकी नसली तरी नाशिकमध्ये पतंगबाजी जोरात असते, आणि तारेत अडकलेला मांजा ओढणाऱ्याला फटीच्या ११ सेंटिमीटरचं महत्त्व समजावून सांगता येत नाही.

आता परीक्षा. २८.२०० मेगाहर्ट्झवर जगभरची अठरा संकेतकेंद्रं पाळीपाळीनं बोलतात. प्रत्येकाला दहा सेकंद, आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण. केंद्र आपलं नाव मोर्समध्ये सांगतं आणि मग चार लांब ठोके देतं. नाव आणि पहिला ठोका १०० वॉटवर, दुसरा १० वर, तिसरा १ वर आणि चौथा एक दशांश वॉटवर. दक्षिण आफ्रिकेचं 'झेडएस६डीएन' नैऋत्येला, जपानचं 'जेए२आयजीवाय' ईशान्येला, पर्थचं 'व्हीके६आरबीपी' आग्नेयेला. कोणत्या क्षणी कोणाची पाळी त्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं, त्यामुळे मोर्स येत नसला तरी घड्याळावरून केंद्र ओळखता येतं. अँटेना केंद्राकडे करून किती ठोके ऐकू येतात ते मोजा. पुढच्या फेरीआधी खांब अर्धा फिरवून अँटेनाची पाठ तिकडे करा आणि पुन्हा मोजा. लहरींची ताकद मिनिटामिनिटाला खालीवर होते, म्हणून हे चार-पाच फेऱ्या करून पाहावं. प्रत्येक ठोक्यातला फरक दहा डेसिबलचा. समोरून चारही ठोके ऐकू आले आणि पाठीकडून दोनच, तर मागची बाजू वीस डेसिबलनं दबली आहे. तीन ऐकू आले तर फट मोजा, नाहीतर चोक तपासा.